समजनं नही ते इचार

पाचोरा तालुक्यातल्या भोकरटेक या गावी चौथीपर्यंतची एक शाळा आहे आणि तिच्या भिंतींवर एकूण एकेचाळीस विचार रंगवलेले आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ही बाब कुणाच्याही काळजीची नव्हती. विचार भिंतीवर असत, मुलं भिंतीखाली असत आणि दोघांचं उत्तम चाललं होतं, कारण कुणी कुणाकडे बघत नसे.

मग परिपत्रक आलं. विषय होता : 'शालेय भिंतींवरील विचारांचे प्रमाणीकरण, अनुरेखन व अवबोधांकन'. मजकूर साडेचार पानांचा. त्याचं सार एवढंच, की भिंतीवरच्या प्रत्येक विचाराला 'महातत्त्व' या संकेतस्थळावरचा बारा आकडी विचार क्रमांक असला पाहिजे, त्याचा अवबोधांक साठच्या खाली असता कामा नये, आणि ज्या विचाराला क्रमांक मिळणार नाही त्यावर सव्वीस जानेवारीच्या आत चुना मारून तसा फोटो ग्रुपवर टाकावा.

प्रभारी मुख्याध्यापक गिरधर भामरे यांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि 'अवबोधांक' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. एकतीस वर्षांच्या नोकरीत न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारायची सरांनी सवय लावून घेतली होती. रेघ मारली की निम्मं समजल्यासारखं वाटतं, आणि उरलेलं निम्मं पुढच्या परिपत्रकापर्यंत थांबू शकतं.

शाळेत दुसऱ्या शिक्षिका स्नेहल मॅडम. वय सत्तावीस, मोबाइल चालवण्यात हुशार. त्यांनी दोन दिवसांत चाळीस विचारांचे क्रमांक काढून दिले. 'पाणी जपून वापरा' हे वाक्य, सगळं जग पाण्यापासून झालं म्हणणाऱ्या एका ग्रीक गृहस्थाच्या नावावर निघालं. 'चपला रांगेत ठेवा' व्यवस्थावादात सापडलं. 'येथे थुंकू नये' याला तर निषेधात्मक नीतिशास्त्रात स्वतंत्र प्रकरण होतं. सर थक्क झाले. इतकी वर्षं आपण एवढ्या मोठमोठ्या माणसांच्या सावलीत हजेरी घेत होतो, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

एकेचाळिसावा विचार मात्र सापडेना.

तो चौथीच्या वर्गाच्या दाराच्या वरच्या भिंतीवर होता, निळ्या रंगात : 'समजनं नही ते इचार.' आमच्या खान्देशात 'तर'ला 'ते' म्हणतात आणि 'विचार'मधला 'व' घरीच ठेवून येतात. म्हणजे साध्या मराठीत, समजलं नसेल तर विचार. हे वाक्य कुणा ग्रीकाचं नव्हतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या द्रौपदाबाईंचं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी दिपमाला नावाची चौथीतली मुलगी मधल्या सुट्टीत ताट पुढ्यात घेऊन रडत बसली होती. भागाकार डोक्यात शिरत नव्हता आणि सांगायची भीती वाटत होती. द्रौपदाबाई हातात डाव घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रडीसन काय व्हई? समजनं नही ते इचार!" दिपमाला नाक पुसून उठली, तशीच खरकट्या हातानं सरांकडे आली आणि म्हणाली, "सर, खालचा आकडा वर कशाले घेतस?" सरांनी तिला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना स्वतःलाही नीट समजलं. त्या दिवसापासून वर्गात प्रश्न सुरू झाले. चंद्राला रेंज असते का, शून्यानं भागलं तर कोण रागावतं, सर तुम्ही केस काळे कशानं करता. सर हैराण झाले आणि मनातून फार खूश झाले. त्यांनी नवल पेंटरला बोलावून ते वाक्य दारावर लिहून घेतलं.

द्रौपदाबाईंना वाचता येत नव्हतं. पण ती एक ओळ त्यांना येत होती. रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी त्या चौथीच्या दारासमोर क्षणभर उभ्या राहत, पदर सारखा करत आणि मग कामाला लागत. चाळीसगावची बहीण आली तेव्हा तिलाही आणून 'हे माझं आहे' म्हणून दाखवलं होतं, "देख, हाई मन्हं शे." आता त्या ओळीवर चुना मारायचा, आणि ते बाईंना आपण सांगायचं, हे सरांच्यानं होणार नव्हतं. आपण शोधू, असं त्यांनी ठरवलं. एवढं मोठं संकेतस्थळ आहे, कुठेतरी असेलच.

संकेतस्थळ मोठंच होतं. किती मोठं ते पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं होतं : चार लाख ऐंशी हजार पानं, छप्पन्न दर्शनं, एकशे अकरा वाद आणि दोन हजार विचारवंत, त्यांपैकी एकही हयात नाही. खाली घोषवाक्य होतं, 'सर्व उत्तरे एका ठिकाणी'. ते ठिकाण कोणतं हे मात्र लिहिलं नव्हतं.

आत शिरण्यासाठी ज्याची त्याची वेगळी नोंदणी होती. पहिला रकाना : 'आपण कोण?' सरांनी लिहिलं, गिरधर भामरे. लाल अक्षरं उमटली, 'हे नाव झाले. आपण कोण?' सरांनी लिहिलं, मुख्याध्यापक. 'हे पद झाले. आपण कोण?' सरांनी 'प्रभारी' हा शब्द घालून पाहिला. त्यानं काही फरक पडला नाही. शेवटी वैतागून त्यांनी लिहिलं, माहीत नाही. लगेच हिरवी खूण आली. 'अभिनंदन! आपली ओळख पटली आहे.'

मग मोबाइलवर सहा आकडी संकेतांक येणार होता. तो अकरा सेकंदांपुरताच वैध होता आणि तो बाद झाला की पडद्यावर 'सर्व काही क्षणिक आहे. पुन्हा पाठवू?' असं येई. भोकरटेकला रेंज शाळेच्या गच्चीवर येते आणि संगणक खाली कपाटाशेजारी आहे. म्हणून स्नेहल मॅडम गच्चीवर उभ्या राहून आकडे ओरडू लागल्या. "चार! सात! शून्य!" तिसरीचा वर्ग पाठांतर चालू आहे असं समजून त्यांच्यामागून तालासुरात म्हणू लागला. त्या गलक्यात सरांना आधीचे आकडे ऐकू येत की नंतरचे, हे ठरेना. नवव्या खेपेला जमलं. तिसरीच्या मुलांना ते सहा आकडे अजून पाठ आहेत.

सरांनी शोधाच्या चौकटीत जपून टाइप केलं, 'समजनं नही ते इचार.' संकेतस्थळानं बराच वेळ विचार केला आणि विचारलं, 'आपल्याला "समंजस नाही तो आचारी" असे म्हणायचे आहे का?'

सरांनी घाईनं खिडकीबाहेर पाहिलं. द्रौपदाबाई तांदूळ निवडत होत्या. सरांनी पडदा पुसायचं फडकं संगणकावर टाकलं आणि थोड्या वेळानं काढलं.

मग त्यांनी भाषा बदलून पाहायचं ठरवलं. यादीत संस्कृत होती, ग्रीक होती, जर्मन होती, पाली होती आणि शेवटी 'इतर (मृत)' असा पर्याय होता. अहिराणी त्याच पर्यायाखाली होती. ज्या भाषेत आपण सकाळीच दूधवाल्याशी भांडून आलो, ती गेली कधी, हे सरांना कळेना. पण कार्यालयीन काम होतं. त्यांनी 'इतर (मृत)' निवडलं. निकाल शून्य.

नुसतं 'विचार' टाकलं तर चार लाख ऐंशी हजार निकाल आले, म्हणजे सगळीच पानं. पहिल्या पानावर 'विचार म्हणजे काय?' असा लेख होता. तो सरांनी शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी पाहा : विचार.' सरांनी तिथं बोट ठेवलं आणि ते पुन्हा त्याच लेखाच्या सुरुवातीला आले. या वाटेनं ते दुपारी दोनपर्यंत चालत होते.

अखेर कोपऱ्यात एक छोटं बटण दिसलं, 'विचारा'. सरांना हायसं वाटलं. त्यांनी ते दाबलं. एक पान उघडलं. त्यावर एकच ओळ होती : 'विचारा : "विचार" या शब्दाचे सामान्यरूप. पाहा : विचार.' व्याकरण अचूक होतं, त्यामुळे सरांना रागावताही येईना.

पानाच्या तळाशी मदतीचा फोन नंबर होता. सर गच्चीवर गेले आणि त्यांनी फोन लावला. ध्वनिमुद्रित बाई म्हणाल्या, "विचार करायचा असल्यास एक दाबा. विचारायचं असल्यास दोन दाबा." सरांनी दोन दाबला. तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि एक खरीखुरी मुलगी बोलू लागली.

"हॅलो! सर, तुम्ही खरंच दोन दाबला?"

"हो. का? चुकलं का काही?"

"नाही हो सर! मी मोनाली बोलतेय. आठ महिने झाले मला इथं लागून. आजवर सगळे एकच दाबतात. मी दोन स्वेटर विणून पूर्ण केले. विचारा सर, काय वाट्टेल ते विचारा!"

सरांनी सगळी हकीकत सांगितली. मोनालीनं मन लावून ऐकली आणि सांगितलं, की नवा विचार नोंदवायचा तर प्रपत्र नऊ भरून विचारवंताला धुळ्याच्या विचार पडताळणी केंद्रात प्रत्यक्ष हजर करावं लागतं. "आणखी काही विचारायचंय, सर?" तिचा आवाज फार आशेचा होता. सरांच्या जिभेवर 'अवबोधांक म्हणजे काय हो?' एवढं आलं होतं. पण गच्चीखाली मुलं होती, शेजारी मॅडम उभ्या होत्या आणि एकतीस वर्षांची नोकरी होती. "नाही नाही, बाकी सगळं माहीत आहे," सर म्हणाले. मोनालीनं नाइलाजानं फोन ठेवला आणि बहुतेक तिसरा स्वेटर घेतला.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी प्रेमराज साहेब भेटीला आले. साहेब प्रेमळ होते. कुठलीही अडचण त्यांना सांगितली की ते ती लगेच लहान करून देत, म्हणजे आपल्याला ती परत घेऊन जायला सोपी पडे.

"वाक्य कुणाचं आहे?" साहेबांनी चहात बिस्कीट बुडवत विचारलं.

"द्रौपदाबाईंचं."

"कोणत्या शतकातल्या?"

"आत खिचडीला फोडणी देताहेत."

साहेबांचं बिस्कीट चहात पडलं. "हयात आहेत? अवघड केलंत, भामरे सर. एखादा मेलेला माणूस बघा ना. नाव टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मेलेला माणूस हरकत घेत नाही, हा केवढा मोठा फायदा आहे."

"पण साहेब, वाक्य बाईंचंच आहे."

"असेल हो. खरं असेल. पण खऱ्याचा रकाना आहे का प्रपत्रात?" साहेब उठले. "आणि अवबोधांक सांभाळा. बाकी काही नसलं तरी चालेल."

"हो, ते तर आहेच," सर म्हणाले. स्नेहल मॅडमनीही मान हलवली.

प्रपत्र नऊ भरायला तिघं स्वयंपाकघरात बसले. 'संप्रदाय' या रकान्यात मॅडमनी 'पोषण आहार' लिहिलं. 'प्रमुख ग्रंथ' याच्यापुढे साठ्याची वही नोंदवली. 'प्रतिपक्ष (किमान दोन)' म्हणजे बाईंच्या विरोधात कोण आहे, असं सरांनी समजावून सांगितल्यावर बाईंनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "एक मन्ही जाऊ. आनि दुसरा तो टाकीवाला, येळवर पानी सोडस नही." 'निधनाचे वर्ष' हा रकाना अनिवार्य होता. तिथं मॅडमची बोटं थबकली. पण खाली 'प्रस्तावित' असा पर्याय निघाला.

बाई खळखळून हसल्या. "टाका, टाका. पन तारीख नका टाका. आते सुट्टीमा नातीनं लगीन शे."

धुळ्याला जायचं म्हणून बाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि पिशवीत भाकरी, ठेचा आणि कळण्याचे पापड घेतले. चाळीसगावला गाडी बदलून सर आणि बाई बाराच्या सुमारास केंद्रावर पोहोचले. केंद्र एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात बाण रंगवलेले होते. पहिल्या बाणावर लिहिलं होतं 'सत्य दुसऱ्या मजल्यावर' आणि खाली कुणीतरी कागद चिकटवला होता, 'जेवणाची सुट्टी १ ते ३'.

विचार परीक्षक डॉ. कुंदन हे मूळचे साक्रीकडचे. पण मध्ये सहा वर्षं पुण्यात काढल्यामुळे त्यांना अहिराणी समजेनाशी झाली होती, आणि हे ते भेटलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन मिनिटांत सांगत. सरांनाही सांगितलं. "मातृभाषा तीच माझी. पण विचारासाठी मी ती वापरत नाही. झेपत नाही तिला."

त्यांनी प्रपत्र समोर घेतलं, वाक्य वाचलं आणि डोळे मिटले. बाईंना वाटलं, साहेबांना भोवळ आली. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांनी डोळे उघडले, नंबर बघून चेहरा वाकडा केला आणि खिडकीकडे तोंड करून बोलू लागले. "हा, माय. जेवनू. कोनती गोयी, औषधनी? लाल का धवळी? आते माले काय माहीत, माय? तठेच बसेल शे ना डाक्टर? मंग समजनं नही ते इचार ना त्याले!"

फोन बंद करून डॉ. कुंदन पुन्हा खुर्चीत बसले, कपाळावरून हात फिरवला आणि पुन्हा डोळे मिटले.

"समजनं नही," ते हळूच म्हणाले. "ते... इचार."

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

"गूढ आहे," डॉ. कुंदन म्हणाले. "फार गूढ आहे. जे समजले नाही, 'ते' विचार! म्हणजे जे समजलं ती नुसती माहिती. आणि जे समजलंच नाही, तोच खरा विचार! भामरे सर, अडीच हजार वर्षं लोक विचाराची व्याख्या शोधताहेत. ती तुमच्या दारावर पडलीय!"

"नही हो भाऊ," बाई म्हणाल्या, "तसं नही. आत्तेच तुम्ही फोनवर मायले..."

डॉक्टरांनी हात वर केला. "नियम सतरा. विचारवंतानं स्वतःच्या विचाराचा अर्थ सांगू नये. त्यामुळे भाष्यकारांवर परिणाम होतो."

सरांनी घसा खाकरला. "साहेब, समजा, नुसतं समजा हं, याचा अर्थ साधा निघाला. म्हणजे, समजलं नाही तर विचारून घे, असा."

"मग ती सूचना झाली," डॉ. कुंदन थंडपणे म्हणाले. "सूचनेला क्रमांक नाही. सूचनेला चुना."

सरांना आता फक्त मान हलवायची होती. आयुष्यात अनेकदा हलवली होती, पण इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. समोर वाक्य वाचवायचं होतं आणि ते वाचवायची एकच वाट होती, की त्याचा अर्थ जाऊ द्यायचा. त्यांनी बाईंच्या लुगड्याच्या काठाकडे पाहत मान हलवली. "गूढच आहे, साहेब." बाईंनी अंगठा लावला. परतीच्या गाडीत त्यांनी सरांना भाकरी दिली, ठेचा दिला, पापड दिला. मग खिडकीकडे तोंड करून बसल्या.

आठ दिवसांत क्रमांक आला. अवबोधांक पडला चौऱ्याण्णव, राज्यात आजवरचा सर्वाधिक. प्रेमराज साहेबांनी ग्रुपवर हार-फुलांची चित्रं टाकली. त्याखाली सव्वाशे जणांनी 'अभिनंदन' लिहिलं. फक्त एक अट होती : भिंतीवर विचाराचा प्रमाणित पाठच रंगवावा. नवल पेंटर आला. त्यानं जुनी ओळ खरवडली आणि नवी काढली. 'जे समजले नाही, तेच विचार. – द्रौपदाबाई (आद्य खान्देशी दर्शन).' खाली बारा आकडे.

दुसऱ्या दिवशी बाई शेगडी पेटवायच्या आधी दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. मग बराच वेळ ओळीकडे बघत राहिल्या.

"हाई मन्हं नही शे," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुमचंच आहे. नाव आहे बघा खाली तुमचं."

"नाव व्हई. वाक्य नही शे. मन्हं इतलं लांब नव्हतं." आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी खिचडीत मीठ नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

विचारणं थांबलंच होतं. सरांनी गणित घालून "समजलं का?" म्हटलं, की मुलं आनंदानं ओरडत, "नाही!" आणि एकजण पुढे जोडत असे, "म्हणजे विचार झाला!" मग सगळी पुढचं पान उलटत. निरीक्षण अहवालात 'विद्यार्थ्यांमध्ये उच्च तात्त्विक समाधान' असा शेरा पडला. दिपमालेची धाकटी बहीण शेवटच्या बाकावर भागाकाराच्या वहीत नुसती फुलं काढत होती. ती फुलं पाहून सरांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मोठा कार्यक्रम झाला. सगळं गाव आलं होतं. डॉ. कुंदन चाळीस मिनिटं बोलले. गावकऱ्यांना त्यातलं काही समजलं नाही, म्हणून ते फार प्रभावित झाले. प्रेमराज साहेबांनी "चौऱ्याण्णव अवबोधांक!" असं जाहीर करताच टाळ्यांचा कडकडाट झाला. माजी सरपंच झुलाल आबांनी तर उभं राहून फेटा हलवला. मग बाईंना शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाईंनी माइक डावासारखा घट्ट धरला.

"माले बोलता येस नही," त्या म्हणाल्या. "माले एकच इचारनं शे. हाऊ अवबोधांक म्हंजे काय शे?"

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेवढी ऐकू येत होती. डॉ. कुंदन हसले आणि प्रेमराज साहेबांकडे पाहून म्हणाले, "तो प्रशासकीय शब्द आहे. साहेब सांगतील." साहेब हसले आणि म्हणाले, "छे छे, तो तात्त्विक शब्द आहे. डॉक्टरच सांगतील." मग दोघांनीही हसणं थांबवलं. साहेबांनी जळगावला फोन लावला. जळगावहून कळलं की शब्द वरून आला आहे. वर फोन लावला. वरच्या माणसानं सांगितलं, 'महातत्त्व'वर बघा, सर्व उत्तरे एका ठिकाणी आहेत. स्नेहल मॅडम गच्चीवर धावल्या. नवव्या खेपेला पान उघडलं. वरून त्यांचा आवाज आला, "सर, अवबोधांक, निकाल शून्य! पाहा : विचार, असं म्हणतंय!"

"म्हंजे," बाई माइकवर म्हणाल्या, "इतला दिन बठ्ठा लोकेस्नी मुंड्या हालायात, आनि कोनीच इचारं नही?"

पहिलं हसू मागून आलं. मुलांच्या रांगेतून. मग आया हसल्या, मग बाप हसले, मग झुलाल आबा फेटा तोंडावर धरून हसू लागले. गिरधर सर हसता हसता रडले. ते तसेच उठले, वर्गातून खडू घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. परिपत्रकात फक्त रंगवलेल्या विचारांचा उल्लेख होता, खडूचा नव्हता. शेगडीच्या वरच्या काळ्याकुट्ट भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरात जुनी ओळ लिहिली. बाई मागून आल्या, त्यांनी बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हां. हाई मन्हं शे." दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत दिपमालेची बहीण ताट घेऊन सरांसमोर उभी राहिली आणि खालचा आकडा वर का घेतात ते विचारू लागली.

गोष्ट इथं संपते. फक्त एक नोंद राहिली. अवबोधांक हा शब्द या मजकुरात अगदी सुरुवातीला, परिपत्रकात आला. त्यानंतर तो गच्चीवर आला, चहाच्या वेळी आला, ग्रुपवर आला. आपण प्रत्येक वेळी तो वाचलात, किंचित मान हलवलीत आणि पुढच्या ओळीवर गेलात. बाई तुमच्यावर रागावलेल्या नाहीत. त्यांचं स्वयंपाकघर साडेदहा ते दोन उघडं असतं आणि शेगडीच्या वर खडूनं काहीतरी लिहिलेलं आहे. काय लिहिलंय, ते आपल्याला समजलंच असेल.